रोमच्या भुयारांतले वाटाडे

रोमच्या जुन्या तटाबाहेर आप्पियन रस्त्यावर सान कॅलिस्टोचा कॅटाकोंब, म्हणजे भुयारांतली जुनी दफनभूमी, आहे. तिकीट काढले म्हणून तिथे एकट्याने खाली उतरता येत नाही. इंग्रजी, इटालियन, जर्मन असे भाषेप्रमाणे गट करतात, प्रत्येक गटाला गाईड देतात आणि त्याच्या मागोमाग सगळ्यांनी उतरायचे. फोटो काढायला मनाई. वाटेत थांबून मागे राहायलाही मनाई. आपल्याकडून युरोप सहलीला जाणाऱ्यांचे रोम बहुधा कोलोसियम, व्हॅटिकन आणि ट्रेव्हीच्या कारंज्यातच आटोपते. जे थोडे या भुयारांपर्यंत पोचतात, त्यांना हा नियम जाचक वाटतो. व्यवहाराने पाहिले तर नियम रास्तच आहे. एकट्या सान कॅलिस्टोत सुमारे 20 किलोमीटरची भुयारे आहेत, तीही एकाखाली एक अशा मजल्यांत, आणि प्रत्येक वळण मागच्या वळणासारखेच दिसते. पण वाटाड्याची ही प्रथा आधुनिक पर्यटनातून आलेली नाही. या जागा जगाला दिसल्या त्या वाटाड्यांमुळे, हरवल्यावर पुन्हा सापडल्या त्याही वाटाड्यांमुळेच.

मुळात ही भुयारे का खणली गेली? रोमच्या सर्वात जुन्या कायद्याने, बारा पाट्यांच्या कायद्याने, शहराच्या हद्दीत प्रेत पुरायला किंवा जाळायला बंदी होती. त्यामुळे थडगी शहराबाहेर, मोठ्या रस्त्यांच्या कडेने उभी राहिली. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकापासून दहनाची चाल मागे पडून दफनाची चाल वाढली, आणि जमीन तर महागच होती. रोमभोवतीचा दगड ज्वालामुखीच्या राखेचा, टफ जातीचा. खणताना तो मऊ लागतो आणि हवा लागली की टणक होतो. मग आडवे पसरण्यापेक्षा खोल जाणे परवडू लागले. ख्रिस्ती, ज्यू, जुन्या देवांना मानणारे, सगळ्यांनीच जमिनीखाली थडगी केली. ख्रिस्ती समाजाने मात्र ती सामाईक केली. गरिबालाही तिथे जागा मिळे.

ही व्यवस्था कशी उभी राहिली ते कॅलिस्टसच्या आयुष्यावरून कळते. हा एके काळचा गुलाम. इसवी सन 199 च्या सुमारास पोप झेफिरीनस यांनी त्याला आप्पियन रस्त्यावरच्या दफनभूमीची जबाबदारी दिली आणि पुढे 217 मध्ये तो स्वतःच पोप झाला. दफनभूमीला आजही त्याचेच नाव आहे. खणण्याचे काम करणाऱ्यांना फोस्सोर म्हणत. तेलाच्या दिव्याच्या उजेडात कुदळीने भिंत कोरायची, माती टोपलीने वर न्यायची, प्रेत कोनाड्यात ठेवून तोंड बंद करायचे, हे सगळे त्यांचेच काम. भिंतींत एकावर एक असे आडवे कोनाडे असत. ऐपतवाल्याच्या कोनाड्यावर नाव कोरलेला संगमरवर येई, बाकीच्यांच्या कोनाड्यावर भाजलेल्या कौलांचे तुकडे आणि चुना. चुना ओला असतानाच घरच्यांनी त्यात काहीबाही दाबून बसवलेले असे. कुठे नाणे, कुठे शिंपला, कुठे काचेच्या पेल्याचा बूड, कुठे मातीची पणती. त्या अंधारात हजारो कोनाड्यांतून आपल्या माणसाचा कोनाडा ओळखायचा तो या खुणेवरून. नाव कोरून घेणे न परवडणाऱ्या घरांनी ठेवलेल्या या खुणा मला तिथल्या कोणत्याही चित्राइतक्याच मोलाच्या वाटतात.

रोमन सम्राटांनी केलेल्या छळाच्या काळात ख्रिस्ती लोक इथे लपून राहत, ही समजूत फार पसरलेली आहे. एकोणिसाव्या शतकातल्या कादंबऱ्यांनी आणि नंतर सिनेमांनी ती पक्की केली. वस्तुस्थिती तशी नाही. या जागा सरकारला ठाऊक होत्या. सम्राट व्हॅलेरियनने 257 मध्ये या दफनभूमींत जमायला बंदी घातली, आणि ज्या जागेची माहितीच नाही तिच्यावर बंदी कोण घालेल? पुढच्याच वर्षी पोप सिक्स्टस दुसरे यांना पकडून मारले. नंतर सम्राट गॅलिएनसने दफनभूमी परत केल्या. शिवाय बंद, दमट आणि प्रेतांनी भरलेल्या बोळांत राहणे अशक्यच होते. लोक येत ते मृतांसाठी. पुरायला, आणि श्राद्धासारख्या वार्षिक दिवशी थडग्यापाशी जेवायला. सान सेबास्तियानोच्या कॅटाकोंबमध्ये अशा जेवणाची एक ओसरी 1915 मध्ये उजेडात आली. तिच्या भिंतींवर पीटर आणि पॉल या प्रेषितांना उद्देशून ओरखडलेल्या सहाशेच्या वर ओळी आहेत. बहुतेकांचे मागणे एकच, आमची आठवण ठेवा.

जेरोम हा पुढे बायबलचे लॅटिन भाषांतर करणारा विद्वान. चौथ्या शतकात तो रोममध्ये विद्यार्थी होता आणि रविवारी मित्रांबरोबर या भुयारांत उतरत असे. म्हातारपणी त्याने ते लिहून ठेवले आहे. दोन्ही बाजूंच्या भिंतींत प्रेते, सगळीकडे अंधार, अधूनमधून वरच्या भोकातून येणारा उजेड, आणि चाचपडत टाकलेली पावले. त्याला तिथे लॅटिन कवी व्हर्जिलची भयाण शांततेची ओळ आठवे.

याच काळात, 366 ते 384 या वर्षांत, दमासस हे पोप होते. हुतात्म्यांची, म्हणजे श्रद्धेपायी मारल्या गेलेल्या ख्रिस्ती लोकांची, थडगी त्यांनी शोधून काढली, रुंद जिने बांधले, बोळ मोठे केले, उजेडाचे झरोके पाडले, भिंती ढासळू नयेत म्हणून बांधकाम केले आणि प्रत्येक मोठ्या थडग्यावर स्वतः रचलेली पद्ये लावली. ती संगमरवरात ज्या अक्षरांत कोरली, ती फिलोकॅलस या सुलेखनकाराची. तशी देखणी अक्षरे त्या काळात दुसरीकडे सापडत नाहीत. आलेल्या माणसाने कुठून उतरावे, कुठे थांबावे, काय वाचावे आणि कुठून बाहेर पडावे, हे सगळे दमासस यांनी ठरवून दिले. या भुयारांचे पहिले मोठे वाटाडे तेच, असे मी मानतो. सान कॅलिस्टोत सुरुवातीच्या काही पोपांना जिथे पुरले, त्या पोपांच्या दालनात त्यांचे पद्य आहे. आपल्यालाही इथेच पुरून घ्यावेसे वाटले, पण पुण्यवंतांच्या अस्थींना त्रास होईल म्हणून धजलो नाही, असे त्याच्या शेवटी म्हटले आहे.

मग यात्रेकरू आले आणि त्यांनी भिंतींवर आपल्या ओळी ओरखडल्या. अशा एका अनाम यात्रेकरूच्या हाताचा माग सान कॅलिस्टोत सापडतो. सोफ्रोनिया नावाच्या बाईसाठी तो प्रार्थना करत चालला होता. सुरुवातीला लिहितो, ‘सोफ्रोनिया, आपल्या माणसांसह जगत राहा.’ पुढे एका थडग्यापाशी पोचेपर्यंत सूर बदललेला असतो, ‘गोड सोफ्रोनिया, तू देवापाशी सदैव जगशील.’ सोफ्रोनिया त्याची कोण होती ते भिंत सांगत नाही. पण दुःख घेऊन उतरलेला माणूस त्याच भुयारात चालता चालता आशेपर्यंत पोचला, हे तीन-चार ओळींत दिसते.

सहाव्या-सातव्या शतकापर्यंत यात्रेला ठरावीक वाटा पडल्या होत्या. लोम्बार्ड राणी थिओडेलिंडासाठी जॉन नावाच्या माणसाने हुतात्म्यांच्या थडग्यांपुढच्या दिव्यांतले तेल कुप्यांत भरून नेले. त्या कुप्या आणि थडग्यांची यादी उत्तर इटलीतल्या मोंझा इथे आजही जपलेल्या आहेत. सातव्या शतकात यात्रेकरूंसाठी मार्गदर्शिका लिहिल्या गेल्या. साल्झबुर्गला मिळालेल्या हस्तलिखितातली मार्गदर्शिका तर वाचकाशी बोलतच चालते. नंतर तू आप्पियन रस्त्याने संत सेबॅस्टियनपाशी पोचशील, चर्चच्या पश्चिमेला पायऱ्या उतरशील, तिथे अमुक हुतात्मा विसावला आहे. रस्त्यामागून रस्ता घेत ती शहराला वळसा घालते.

त्यानंतर मात्र भुयारे रिकामी झाली. तटाबाहेरच्या जागा हल्ल्यांत लुटल्या जात होत्या, म्हणून आठव्या आणि नवव्या शतकांत पोपांनी अस्थी शहरातल्या चर्चमध्ये हलवल्या. सांता प्रास्सेदे चर्चमधला शिलालेख पोप पास्कल पहिले यांच्या काळात आणलेल्या 2,300 जणांचा उल्लेख करतो. आपल्याकडे वसईत आणि गोव्यात जिचे नाव मुलींना ठेवतात, त्या संत सिसिलियाच्या अस्थीही त्यांच्याच काळात सान कॅलिस्टोतून शहरातल्या त्रास्तेवेरे भागात गेल्या. अस्थी गेल्या तशी यात्राही गेली. जिने मातीने बुजले, वर द्राक्षमळे लागले. सान सेबास्तियानो तेवढे कधीच पूर्ण विस्मरणात गेले नाही.

31 मे 1578 रोजी सालारिया रस्त्यालगतच्या एका मळ्यात पोझ्झोलाना, म्हणजे बांधकामाला लागणारी ज्वालामुखीची राख, खणणाऱ्या मजुरांना चित्रांनी भरलेले भुयार लागले आणि सारे रोम बघायला लोटले. पण नेटाने शोध घेतला तो माल्टात जन्मलेल्या अंतोनियो बोझिओने. 1593 च्या डिसेंबरात दोमितिल्लाच्या भुयारात तो वाट चुकला. मेणबत्त्या संपत आल्या. त्याने लिहिले आहे, की आपल्या अपवित्र प्रेताने हुतात्म्यांची थडगी विटाळतील याची भीती वाटली. दमासस यांनी बाराशे वर्षांपूर्वी बोलून दाखवलेल्या संकोचाचेच हे दुसरे रूप. बोझिओ वाचला आणि पुढे 36 वर्षे उतरत राहिला. त्याचा ‘रोमा सोत्तेर्रानेआ’ हा मोठा ग्रंथ मात्र 1629 मधल्या त्याच्या मृत्यूनंतरच छापून आला. भिंतींवर आपले नाव लिहिण्याचा मोह त्यालाही आवरला नाही. दोमितिल्लातली काजळी लेझरने काढून 2017 मध्ये चित्रे खुली केली, तेव्हा त्यांच्यावर त्याचे नाव ठसठशीत दिसले.

या शोधाची वाईट बाजूही सांगायला हवी. हुतात्म्यांच्या म्हणून असंख्य अनोळखी हाडे इथून उचलली गेली आणि सोन्या-रत्नांनी मढवून आल्प्सपलीकडच्या चर्चमध्ये पाठवली गेली. थडग्यावर ताडाची फांदी किंवा शेजारी काचेची कुपी दिसली, की तो हुतात्माच मानत. बेनेदिक्तिन या ख्रिस्ती संन्यासी संघातला फ्रेंच विद्वान माबियों याने 1698 मध्ये टोपणनावाने या प्रकारावर टीका केली. त्या हाडांची खरी नावे कायमची गेली.

मग आला पुरातत्त्वज्ञ जोव्हान्नी बात्तिस्ता दे रोस्सी. सान कॅलिस्टो म्हणजे सान सेबास्तियानोखालचेच भुयार, असा समज तेव्हा रूढ होता. दे रोस्सीने जुन्या मार्गदर्शिका रस्त्यांशी ताडून पाहिल्या आणि खरी जागा पलीकडे असली पाहिजे असे ठरवले. 1849 मध्ये त्याला एका मळ्यात संगमरवराचा तुटका तुकडा मिळाला. त्यावर अक्षरे होती, ‘नेलियुस मार्टिर’. मार्टिर म्हणजे हुतात्मा. हे पोप कॉर्नेलियस असणार, कारण मार्गदर्शिकांप्रमाणे त्यांचे थडगे कॅलिस्टसच्या दफनभूमीजवळच होते. पोप पायस नववे यांनी मळा विकत घेतला. 1852 मध्ये उरलेला तुकडा सापडला, ‘कोर’. त्याच वर्षी ख्रिस्ती पुरातत्त्वाचा आयोग स्थापन झाला. 1854 मध्ये पोपांचे दालन उघडले आणि फेबियन, पोंतियन, लुसियस ही ग्रीक अक्षरांतली नावे वाचता आली. दमासस यांचे पद्य शंभराहून अधिक तुकड्यांत विखुरलेले होते. दे रोस्सीने ते जुळवले. बाराशे वर्षांपूर्वी कुणा यात्रेकरूसाठी लिहिलेल्या ‘इथे उतर, तिथे वळ’ अशा सूचनांच्या आधाराने हे सारे सापडले.

1929 मध्ये इटली आणि पोप यांच्यात झालेल्या लॅटेरन करारानंतर ख्रिस्ती कॅटाकोंबांचा ताबा व्हॅटिकनकडे राहिला. सान कॅलिस्टो 1930 पासून सालेशियन ही कॅथलिक धर्मसंस्था पाहते, प्रिस्किल्ला या दुसऱ्या कॅटाकोंबची व्यवस्था बेनेदिक्तिन भगिनींकडे आली. ज्ञात कॅटाकोंब साठेक आहेत, नेहमी खुले असलेले अगदी मोजके. माणसांच्या श्वासाने आणि दिव्यांच्या उजेडाने भिंतींवर शेवाळ धरते, म्हणून गट आखडते ठेवणे गरजेचेच आहे.

ज्यू भुयारांच्या वाट्याला यातले फार थोडे आले. बोझिओने 1602 मध्ये पाहिलेला माँतेव्हेर्देचा ज्यू कॅटाकोंब विसाव्या शतकात ढासळून नष्ट झाला. आप्पियन रस्त्याजवळचा विन्या रांदानिनी 1859 मध्ये सापडला. त्यात सात फाट्यांच्या दीपवृक्षाची चित्रे आणि ग्रीक लेख आहेत. तिथे दमासस यांच्यासारख्या कुणी जिने बांधले नाहीत, मार्गदर्शिका लिहिल्या नाहीत. 1984 च्या करारानंतर ज्यू कॅटाकोंब इटलीच्या सरकारकडे आले. विन्या रांदानिनी आजही रोजच्या दर्शनाला खुला नसतो. आधी परवानगी घेऊन, ठरलेल्या दिवशी, वाटाड्याबरोबरच तिथे उतरता येते.