सॅरसेन्स आणि वूस्टर: खाली गेले दोघेही, पण सारखे नव्हे

इंग्लंडच्या क्लब रग्बीचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, 'सॅरसेन्स काय, वूस्टर काय, पैशाच्या भानगडीत दोघेही प्रीमियरशिपमधून, म्हणजे तिथल्या सर्वोच्च श्रेणीतून, बाहेर गेले.' दरवेळी मला याचा राग येतो, कारण यात वूस्टरच्या कर्मचाऱ्यांवर फार मोठा अन्याय होतो.

सॅरसेन्सचं प्रकरण ठाऊकच असेल. तीन हंगाम सॅलरी कॅप, म्हणजे खेळाडूंच्या पगारखर्चावरची मर्यादा, मोडली, 53 लाख पौंडांहून जास्त दंड झाला, गुण कापले गेले, जानेवारी 2020 मध्ये खालच्या श्रेणीत जायचं ठरलं. पण कंपनी शाबूत होती. इतोजे, फॅरेल, जेमी जॉर्ज या बड्या खेळाडूंचे करार शाबूत होते. ते चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या श्रेणीत, खेळले, वर आले आणि 2023 मध्ये पुन्हा विजेते झाले. ती शिक्षा होती आणि माझ्या मते योग्यच होती.

वूस्टरला शिक्षा झाली नव्हती, तिथे पैसाच संपला होता. पगार रखडले, कर थकला. 24 सप्टेंबर 2022 ला संघाने सिक्सवेज या आपल्या मैदानावर न्यूकॅसलला 39-5 असं धुतलं आणि दोनच दिवसांनी आरएफयूने, म्हणजे इंग्लंडच्या रग्बी महासंघाने, क्लबला निलंबित केलं. पुढे निकालही तक्त्यातून पुसले गेले.

लोक खरे अडखळतात ते यापुढे. 'क्लब प्रशासकाच्या ताब्यात गेला' म्हणजे क्लब बुडाला, असं धरून चालतात. तसं नाही. आपल्याकडे पतसंस्थेवर प्रशासक येणं वेगळं आणि ती अवसायनात निघणं वेगळं, हे ठेवीदाराला कुणी शिकवावं लागत नाही. प्रशासक गिऱ्हाईक शोधतो, आशा शिल्लक असते. वूस्टरमध्ये मात्र दोन्ही एकाच वेळी घडलं, कारण क्लब एका कंपनीत नव्हता. मुख्य कंपनीवर प्रशासक होते. खेळाडूंचे आणि काही कर्मचाऱ्यांचे करार डब्ल्यूआरएफसी प्लेयर्स या वेगळ्या कंपनीच्या नावावर होते. कराच्या थकबाकीपायी 5 ऑक्टोबरला लंडनच्या उच्च न्यायालयाने ती कंपनी गुंडाळायचा आदेश दिला आणि त्या क्षणी सगळे करार संपले. म्हणजे विकायला मैदान होतं, नाव होतं, संघ नव्हता. सॅरसेन्सला एक दिवसही असं पाहावं लागलं नाही.

प्रीमियरशिपमधला आणखी एक क्लब, वॉस्प्स, तोही त्याच महिन्यात कोसळला. कॉव्हेंट्रीच्या स्टेडियमसाठी काढलेले साडेतीन कोटी पौंडांचे रोखे परत करता आले नाहीत, 17 ऑक्टोबरला 167 जणांची नोकरी गेली. जानेवारी 2023 मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने आरएफयू आणि प्रीमियरशिपच्या कारभारावर कडक ताशेरे ओढले. ते ओढायलाच हवे होते. ज्यांनी काहीच गैर केलं नव्हतं, त्यांची रोजीरोटी गेली होती.

वूस्टर 2025-26 च्या हंगामात दुसऱ्या श्रेणीत परतलं, त्याच सिक्सवेजवर. पण जुन्या करारांपैकी एकही सोबत नव्हता; सगळा संघ नव्याने बांधावा लागला.