घंटा दान करण्याआधी

देवळाला किंवा चर्चला घंटा द्यायची म्हणून कुणी आमच्याकडे ती ओतून घ्यायला आलं की पहिला प्रश्न येतो, "किती किलोची?" लगेच दुसरा, "आमचं नाव कुठे घालणार?" आवाजाचं सहसा कुणी विचारत नाही. त्यासाठी हे पत्रक.

मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली आणि तिथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून देवळादेवळांत गेल्या. भीमाशंकरच्या घंटेवर 1729 साल आहे, नाशिकच्या नारोशंकराच्या घंटेवर 1721. वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर गेलात तर घंटेच्या अगदी जवळ उभे राहा: 1707 साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी, दोन्ही उठावदार. तुमचं नावही आम्ही असंच साच्यातच उठवतो. घंटा ओतून झाल्यावर छिन्नी लावायला सांगू नका. घंटेच्या काशात, म्हणजे तांबं-कथलाच्या मिश्रणात, साधारण पाचवा हिस्सा कथील असतं. त्यानेच नाद लांबतो, पण धातू ठिसूळही होतो. पितळेची घंटा स्वस्त पडते, मात्र तिचा नाद लवकर विरतो.

मुंबईचा राजाबाई टॉवर पाहून आलेले लोक विचारतात, तशी सुरावट आमच्या चर्चला बसवता येईल का? प्रेमचंद रायचंद यांनी आईचं नाव द्यायच्या अटीवर पैसे दिले आणि 1878 मध्ये तो मनोरा पुरा झाला. एके काळी त्याच्या घंटांवर सोळा धुना वाजत. युरोपातल्या कॅथेड्रलांतल्या कॅरिलॉनला, म्हणजे सुरावट वाजवायच्या घंटांच्या संचाला, तर निदान 23 घंटा लागतात. त्या हलत नाहीत. खालच्या दांड्यांवर मूठ मारली की तारेने लोलक ओढला जातो. प्रत्येक घंटा आतून खरवडून सुरात आणायची, आणि जास्त खरवडली तर धातू परत चिकटवता येत नाही. हे काम आमच्या आवाक्यातलं नाही, तसं स्पष्ट सांगतो. एक घंटा किंवा तिघींचा जोड हवा असेल तर जरूर या.

एका गावाने शिमग्याला घंटेला सोनेरी ऑइलपेंट फासला. आवाज डबड्यासारखा झाला. रंग खरवडण्यात आमचा अख्खा दिवस गेला, वर गुरवाची बोलणी आम्हीच खाल्ली! घंटेवर हिरवट छटा आली तर येऊ द्या. खाऱ्या वाऱ्याने गंजतो तो लोखंडी हूक, दर दिवाळीला तो तपासा. लोलक काठाच्या जाड भागावरच आपटतोय ना, तेही पाहा.

नवरात्रात घंटा बसवायची असेल तर वैशाखातच सांगा. पावसात मातीचे साचे वाळत नाहीत.