चाळीतला कांदा: घट वेगळी, सड वेगळी

"चाळीत निम्मा कांदा सडला" हे वाक्य दर पावसाळ्यात ऐकू येतं. (चाळ म्हणजे कांदा साठवायची हवेशीर शेड.) विचारावं, सडका उचलून किती टाकला? तर दोन-चार पाट्या. मग बाकीचा गेला कुठे?

तो घटला. सड सगळ्यांना ओळखू येते: दाबला की मऊ, पाणी सुटलेलं, वास, माशा. घटीचा कांदा मात्र दिसायला चांगलाच असतो. एप्रिल-मेच्या झळांनी त्यातलं पाणी उडतं आणि साठवणीतही श्वसन चालू असल्याने वजन आणखी थोडं उतरतं. नग तेवढेच राहतात, काटा खाली येतो. 50 किलोची गोणी दोन महिन्यांनी 46 भरली आणि आत एकही नग खराब नसेल, तर ते 4 किलो निव्वळ घटीचे. सडीत नगच कमी होतात.

हा फरक इतका घोळवून सांगतोय, कारण दोन्हींचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध जातात. घट पाहून माणूस घाबरतो, चाळीच्या बाजू ताडपत्रीने गच्च बांधतो. जूनमध्ये हवा दमट होते, आतली वाफ आतच कोंडते आणि काजळी (सालीवरची काळी बुरशी) व सड दोन्ही सुरू होतात. कांद्याला 25 ते 30 अंश तापमान आणि 65 ते 70 टक्के आर्द्रता मानवते. त्यासाठी तळाखालून हवा हवी, थर चार-पाच फुटांच्या वर नको. ताडपत्री फक्त झड येते त्या बाजूला, तीही पाऊस आहे तोवर. थोडी घट सोसावी, चाळ कोंडू नये.

सडीचं मूळ बहुतेकदा शेतातच असतं. उशिरा टाकलेला युरिया, त्याने जाड राहिलेली मान (कांदा आणि पात जुळतात तो भाग), काढणीच्या तोंडावर दिलेलं पाणी. सर्वांत वाईट म्हणजे पात हिरवी असतानाच मान कापणं. त्या ओल्या कापातून बुरशी आणि जिवाणू आत शिरतात. काढलेला कांदा पातीसकट तीन-चार दिवस शेतात ठेवावा, मग इंचभर मान ठेवून पात कापावी आणि दहा-बारा दिवस सावलीत सुकवावं. व्यापारी दारात उभा असला तरी चाळीत जाणाऱ्या मालाला एवढा वेळ द्यायलाच हवा.

कोंब येणं हे तिसरंच, आणि त्यात वाणाचा वाटा मोठा. खरिपाचा कांदा तर साठवूच नये.

चाळ भरताना एक जाळीची गोणी नग मोजून, वजन करून हात पोचेल अशी ठेवा. दर महिन्याला सडके काढून उरलेले नग मोजा, वजन करा. वहीत घट आणि सड असे दोन रकाने पाडा.