गोव्यातील परदेशी आरोपीचे हक्क (गंभीर लैंगिक गुन्ह्यांचे खटले)

बलात्कार, सामूहिक बलात्कार किंवा बालकावरील लैंगिक अत्याचार अशा गुन्ह्यांत गोव्यात अटक झालेल्या परदेशी नागरिकाला अटकेपासून अपिलापर्यंत मिळणारे कायदेशीर संरक्षण. पेडणे तालुक्यातील हरमल, मांद्रे व मोरजी, बार्देशातील हणजूण, वागातोर व कळंगूट आणि दक्षिणेला काणकोणातील पाळोळे या किनारी गावांत परदेशी पाहुण्यांचा मोठा वावर असतो. आरोपी एका देशाचा, फिर्यादी दुसऱ्या देशाची आणि घटनास्थळाजवळचा साक्षीदार सिंधुदुर्गातून कामाला आलेला वेटर, असा खटला येथे उभा राहू शकतो. अशा गुन्ह्याची बातमी आली की लोकांचा संताप रास्तच असतो. पण त्या संतापात आरोपीचे हक्क डावलले गेले, तर वरच्या न्यायालयात तोच खटला कोसळू शकतो आणि त्याची किंमत पीडितेला मोजावी लागते.

भारतीय संविधानाच्या कलम १९ मधील स्वातंत्र्ये फक्त नागरिकांना आहेत. समानतेचे कलम १४, स्वतःविरुद्ध साक्ष देण्याच्या सक्तीपासून संरक्षण देणारे कलम २०, जीविताचे कलम २१ आणि अटकेसंबंधीचे कलम २२ मात्र भारताच्या भूमीवरील परदेशी माणसालाही लागू होतात. कलम २१ विषयीचा महत्त्वाचा निकाल एका पीडितेच्या प्रकरणात लागला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. हावडा स्थानकाच्या यात्री निवासात बांगलादेशी महिलेवर झालेल्या बलात्कारप्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २००० साली, चंद्रिमा दास खटल्यात, परदेशी व्यक्तीलाही कलम २१ चे संरक्षण असल्याचे सांगून १० लाख रुपयांची भरपाई कायम केली. जे कलम तिच्या पाठीशी उभे राहिले, तेच परदेशी आरोपीलाही संरक्षण देते. या संरक्षणाला मर्यादा आहे. भारतात राहण्याचा हक्क त्यात येत नाही. परदेशी व्यक्तीला देशाबाहेर काढण्याचा सरकारचा व्यापक अधिकार १९५५ च्या हान्स म्युलर खटल्यापासून मान्य आहे.

गुन्हा गोव्यात घडला की कायदाही येथलाच लागतो. १ जुलै २०२४ पासून त्यासाठी भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यानुसार बलात्काराला किमान १० वर्षे सश्रम कारावास आहे, तर पीडिता १६ वर्षांखालील असल्यास किमान २० वर्षे. संमतीचे वय भारतात १८ आहे. जर्मनीत ते १४ आणि ब्रिटनमध्ये १६ आहे. ‘आमच्याकडे हा गुन्हा नाही’ हा बचाव येथे चालत नाही. मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावर सोन्यासह सापडलेल्या मेयर हान्स जॉर्ज या जर्मन प्रवाशाने आपल्याला भारतातील नवा नियम माहीत नव्हता असे सांगितले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये ते अमान्य केले.

अटक करताना पोलिसांनी अटकेची कारणे सांगितली पाहिजेत आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे. मिहिर शहा विरुद्ध महाराष्ट्र या नोव्हेंबर २०२५ च्या निकालानंतर ही कारणे लेखी आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत द्यावी लागतात. फार झाले तर रिमांडसाठी नेण्याच्या किमान दोन तास आधी. वकील परवडत नसेल तर राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. कोठडीतील व्यक्तीच्या बाबतीत तिचे उत्पन्न किंवा राष्ट्रीयत्व आड येत नाही. पहिल्या हजेरीच्या वेळीच या हक्काची जाणीव करून देणे हे न्यायदंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने अजमल कसाबच्या २०१२ च्या निकालात बजावले. त्याच वर्षी, दिल्लीतील १९९७ च्या बसस्फोटात फाशी झालेल्या एका पाकिस्तानी नागरिकाची शिक्षा रद्द झाली. खटल्यात त्याला वकिलाची नीट मदत मिळाली नव्हती, म्हणून सगळा खटला नव्याने चालवावा लागला. अमक्याचे वकीलपत्र घ्यायचे नाही, असे वकील संघटनांचे ठरावही सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवले आहेत.

परदेशी आरोपीचा खास हक्क म्हणजे आपल्या देशाच्या वाणिज्य दूतावासाशी संपर्क. १९६३ च्या व्हिएन्ना कराराचे कलम ३६ सांगते की अटकेतील परदेशी व्यक्तीला हा हक्क विनाविलंब कळवावा आणि तिने मागणी केल्यास दूतावासालाही विनाविलंब कळवावे. भारत १९७७ पासून या करारात आहे. याच कलमाच्या आधारे भारताने कुलभूषण जाधव यांच्यासाठी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात पाकिस्तानविरुद्ध दाद मागितली आणि १७ जुलै २०१९ रोजी पाकिस्तानने कलम ३६ चा भंग केल्याचा निर्णय मिळवला. एका मराठी माणसासाठी जो हक्क आपण जगापुढे मागितला, तो हणजूणच्या पोलीस कोठडीतील माणसालाही दिलाच पाहिजे. पोर्तुगालचा महावाणिज्य दूतावास पणजीत आहे. इतर अनेक देशांचे काम मुंबईतून चालते. दूतावासाचा अधिकारी भेटू शकतो, पत्रव्यवहार करू शकतो, वकील मिळवून देण्यास मदत करू शकतो. आरोपीला सोडवणे किंवा तपासात हात घालणे त्याच्या अधिकारात नाही. राजनैतिक संरक्षण पर्यटकाला मिळत नाही.

या सर्व हक्कांची खरी कसोटी भाषेत लागते. गोव्याची राजभाषा देवनागरी कोकणी आहे आणि १९८७ च्या कायद्याने शासकीय कामात मराठीलाही स्थान आहे. न्यायालयाचे लिखित काम मात्र बहुतांशी इंग्रजीत चालते. वेटर मराठीत सांगतो, “ती घाबरल्यासारखी वाटली, पण ओरडली नाही.” न्यायाधीश ते इंग्रजीत नोंदवून घेतात आणि दुभाषा पिंजऱ्यातल्या आरोपीला रशियनमध्ये सांगतो. ‘घाबरल्यासारखी’ आणि ‘घाबरलेली’ यांतला फरक या प्रवासात पुसला गेला, तर उलटतपासणीची दिशाच चुकते आणि पीडितेच्या बाजूचा पुरावाही बोथट होतो. आरोपीला न समजणाऱ्या भाषेतील साक्ष त्याला खुल्या न्यायालयात समजणाऱ्या भाषेत सांगितली पाहिजे, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३१४ म्हणते. पोलिसांचा कच्चा दुभाषा, हॉटेलचा व्यवस्थापक किंवा आरोपीचा मित्र हे काम पेलू शकत नाहीत. हिब्रू वा रशियन चांगली जाणणारा, शपथ घेतलेला, तटस्थ दुभाषा वेळेवर उभा करणे ही सरकारी यंत्रणेची जबाबदारी मानली गेली पाहिजे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब तसाही पुरावा म्हणून चालत नाही. तरी न समजलेल्या कागदावर सही घेण्याचे दुष्परिणाम पुढे खटलाभर भोगावे लागतात.

बलात्काराच्या आरोपीची वैद्यकीय तपासणी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२ खाली होते आणि तीत डीएनएसाठी नमुनेही घेता येतात; त्याला नकार देण्याचा हक्क आरोपीला नाही. नार्को चाचणी मात्र संमतीशिवाय करता येत नाही (सर्वोच्च न्यायालय, सेल्वी खटला, २०१०). ओळख परेडची अडचण वेगळीच आहे. परेडीत आरोपीसोबत त्याच्यासारखी दिसणारी माणसे उभी करावी लागतात. सोनेरी केसांचा एकच उंच माणूस आणि बाकी सगळे स्थानिक, अशी रांग लावली तर ती ओळख न्यायालयात टिकत नाही. अशा वेळी सारख्या चेहऱ्यामोहऱ्याचे इतर परदेशी शोधून आणावे लागतात आणि अनोळखी देशात परेडीला उभे राहायला सहजासहजी कोणी तयार होत नाही.

जामिनाचा मुद्दा परदेशी आरोपीला सर्वांत जाचतो. तो पळून जाईल ही भीती खरी असते; त्याचे घर, नोकरी, नातलग येथे नसतात आणि हमीदार मिळत नाही. म्हणून न्यायालये पारपत्र जमा करायला, ठरावीक दिवशी पोलीस ठाण्यात हजेरी लावायला आणि गोवा न सोडायला सांगतात. मात्र अटी पाळता येण्याजोग्या हव्यात. फ्रँक व्हायटस या नायजेरियन आरोपीच्या खटल्यात (२०२४) सर्वोच्च न्यायालयाने मोबाइलवरून सतत ठावठिकाणा दाखवण्याची अट रद्द केली आणि दूतावासाचे हमीपत्र मिळत नसेल तर तेवढ्यासाठी जामीन अडवता येणार नाही असे सांगितले. आरोपपत्र ९० दिवसांत दाखल झाले नाही, तर जामीन मागण्याचा हक्क परदेशी आरोपीलाही मिळतो. जामीन झाला तरी व्हिसाची मुदत संपलेली असू शकते. त्यामुळे त्याच्या राहण्याचा प्रश्न परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे जातो आणि १ सप्टेंबर २०२५ पासून त्याला आप्रवास व परदेशी नागरिक अधिनियम, २०२५ लागू होतो.

बालकांवरील अत्याचाराच्या बाबतीत गोव्याचा इतिहास दुखरा आहे. मडगावात अनाथाश्रम चालवणारा फ्रेडी पीट्स १९९१ मध्ये पकडला गेला आणि १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. त्याच्या आश्रमातील मुलांचे शोषण करणाऱ्यांत परदेशी पुरुषही असल्याचे तपासात पुढे आले. एका ब्रिटिश आरोपीचे प्रत्यार्पण लंडनमधील न्यायालयाने स्मृतिभ्रंशाच्या कारणावरून नाकारले. त्या मुलांना त्याच्यापुरता न्याय मिळालाच नाही. गोवा बाल अधिनियम २००३ मध्ये आला आणि त्याखाली स्वतंत्र बाल न्यायालय स्थापन झाले. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात तर अभियोग पक्षाने मूलभूत गोष्टी सिद्ध केल्या की गुन्हा घडल्याचे गृहीत धरले जाते आणि ते खोडण्याचा भार आरोपीवर येतो. आरोपी परदेशी असला तरी या गृहीतकातून सुटका नाही. म्हणूनच अशा खटल्यात चांगला वकील आणि चांगला दुभाषा मिळणे अधिक निकडीचे ठरते.

फिर्यादीही परदेशी असेल, तर व्हिसा संपताच ती मायदेशी परतते. न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नोंदवलेला तिचा जबाब महत्त्वाचा असला तरी तेवढ्यावर खटला चालत नाही, कारण उलटतपासणी हा आरोपीचा हक्क आहे. डॉ. प्रफुल्ल देसाई खटल्यात (२००३) सर्वोच्च न्यायालयाने दृक्‌श्राव्य माध्यमातून साक्ष घेण्यास मान्यता दिल्याने तिला पुन्हा गोव्याला यायची सक्ती उरली नाही आणि आरोपीचा हक्कही शाबूत राहिला. बलात्काराची सुनावणी बंद दाराआड होते आणि पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. आरोपीच्या नावाला असे संरक्षण नाही.

शिक्षा झाल्यास अपील पर्वरी येथील मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे जाते. शिक्षा अंतिम झाल्यावर कैद्याला कोलवाळच्या मध्यवर्ती कारागृहाऐवजी मायदेशात उरलेली शिक्षा भोगता येते. त्यासाठी २००३ च्या कैदी प्रत्यावर्तन अधिनियमाखाली कैद्याची संमती, दोन्ही सरकारांची मान्यता आणि त्या देशाशी करार लागतो. निर्दोष सुटलेल्यालाही लगेच विमान गाठता येत नाही: सरकारने अपील केल्यास हजर राहण्याचा जातमुचलका द्यावा लागतो, न्यायालयातून पारपत्र परत मिळवावे लागते आणि व्हिसा संपला असल्यास देश सोडण्याचा परवानाही काढावा लागतो.