शब्दाच्या पोटातली अक्षरे आणि त्यांचा अर्थ

कोल्हापुरातील इंग्रजी आणि सेमी-इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत मुलांना एक खेळवजा प्रश्न हमखास घातला जातो: ठरावीक अक्षरे असलेला इंग्रजी शब्द शोधा आणि त्याचा अर्थ सांगा. समजा, जे, जी आणि वाय ही तीन अक्षरे दिली आहेत, क्रम कोणताही चालेल. मुले शब्दकोश उघडतात आणि तिथेच अडतात, कारण शब्दकोशाची सगळी मांडणी पहिल्या अक्षरावरून केलेली असते, आणि इथे तर शब्दाच्या पोटात काय आहे हे विचारले आहे. १८५० पासून वाचकांची सोय करणाऱ्या करवीर नगर वाचन मंदिरात बसून कितीही जाडजूड कोश चाळला, तरी मधल्या किंवा शेवटच्या अक्षरावरून शब्द हाती लागण्याची सोय त्यात सापडणार नाही.

ही अडचण कोशकारांनाही जाणवत होती. मेरियम-वेबस्टर या अमेरिकी कोशसंस्थेने विसाव्या शतकात, संगणक हाताशी येण्यापूर्वी, तीन लाखांहून अधिक शब्द शेवटच्या अक्षरापासून सुरुवातीकडे असे उलटे टाइप करून त्यांची कार्डे वर्णक्रमाने लावून ठेवली होती. एकाच प्रत्ययाने संपणारे शब्द त्यामुळे आपोआप शेजारी येत. मात्र एवढ्या खटाटोपानंतरही केवळ शेवटाचा प्रश्न सुटला. मधल्या अक्षरांचा तसाच राहिला.

शोध सोपा करण्याचा पहिला उपाय गणिती आहे. दिलेल्या अक्षरांपैकी जे सर्वांत दुर्मिळ असेल, तिथून सुरुवात करावी. छापील इंग्रजी मजकुरातील अक्षरे मोजली, तर दर शंभरांत सुमारे साडेबारा वेळा ई येते, सुमारे नऊ वेळा टी आणि आठ वेळा ए. जे, क्यू आणि झेड यांची गणना शंभरांत नव्हे, हजारांत करावी लागते. जे हजारात जेमतेम दीड-दोनदा दिसते आणि झेड सुमारे एकदा. शब्दात ई आहे एवढेच कळले, तर बहुसंख्य शब्द अजून शर्यतीत असतात. जे आहे हे कळले, तर जवळजवळ सगळे शब्द एका फटक्यात बाद होतात. दुर्मिळ खुणेतून अधिक माहिती मिळते, हे तत्त्व क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली माहितीशास्त्राचा पाया घालताना गणिती रूपात मांडले.

अक्षरांची ही मोजदाद करणाऱ्यांत आल्फ्रेड बट्स यांचे नाव घ्यायला हवे. अक्षरांच्या सोंगट्या मांडून शब्द जुळवण्याचा स्क्रॅबल हा खेळ रचणाऱ्या या अमेरिकी वास्तुविशारदाने १९३० च्या दशकात वर्तमानपत्रांतील अक्षरे मोजून सोंगट्या आणि त्यांचे गुण ठरवले. शंभर सोंगट्यांत ई बारा वेळा आहे आणि तिला एकच गुण आहे. क्यू आणि झेड प्रत्येकी एकदाच आहेत आणि त्यांना दहा-दहा गुण आहेत. एस या अक्षराच्या सोंगट्या मात्र मोजदादीपेक्षा मुद्दाम कमी, म्हणजे चारच ठेवल्या आहेत, नाहीतर जो तो शेवटी एस जोडून अनेकवचने करीत बसला असता.

इथे एक सूक्ष्म भेद लक्षात ठेवावा लागतो, आणि तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. चालू मजकुरात एच हे अक्षर सुमारे पाच टक्के आढळते, तर शब्दकोशातील शब्दांच्या यादीत तेच प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास उतरते. कारण साधे आहे. इंग्रजी मजकुरात दर शंभर शब्दांत ‘द’ हा एकच शब्द सुमारे सात वेळा येतो आणि प्रत्येक वेळी एक टी व एक एच वाढवून जातो. यादीत मात्र तो एकदाच असतो. शब्दकोड्यासाठी म्हणूनच वर्तमानपत्रातील मोजदादीपेक्षा शब्दयादीतील मोजदाद अधिक उपयोगाची ठरते.

आता आपले उदाहरण सोडवून पाहू. सर्वांत दुर्मिळ अक्षर जे. बहुतेक जे-शब्दांत ते सुरुवातीलाच असते आणि कोशात जे या अक्षराचा विभाग आटोपशीर असतो. तो चाळला, तर ‘जोकिंगली’ म्हणजे थट्टेने, ‘जॉयरायडिंग’ म्हणजे मौजेखातर, बहुधा दुसऱ्याची गाडी परस्पर पळवून केलेली भटकंती, आणि कोल्हापूरकरांना सहज ओळखता यावा असा ‘जॅगरी’, म्हणजे गूळ, हे शब्द मिळतात. तरीही सर्वांत सोपे उत्तर या विभागात नाहीच. ते आहे ‘एन्जॉयिंग’, म्हणजे आनंद घेणे. त्यात जे मध्ये दडलेला आहे, आणि शिवाय आयएनजी लागलेले रूप कोशात सहसा स्वतंत्रपणे दिलेले नसते. सातवीच्या मुलालाही ठाऊक असलेला शब्द कोश चाळून हाती लागत नाही आणि हजारात एकाला ठाऊक असलेला लागतो, असा हा गमतीशीर प्रकार आहे.

संगणक हा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवतो. प्रत्येक शब्दासाठी सव्वीस बटणांचा एक फलक कल्पावा: शब्दात असलेल्या प्रत्येक अक्षराचे बटण चालू, बाकीची बंद. संगणकाच्या भाषेत हा सव्वीस द्विमान अंकांचा एक आकडा झाला. प्रश्नाचाही असाच फलक तयार होतो, ज्यात फक्त जे, जी आणि वाय चालू आहेत. दोन्ही फलक ताडून, प्रश्नातील प्रत्येक चालू बटण शब्दाच्या फलकावरही चालू आहे का, एवढेच यंत्र पाहते आणि ही तपासणी एका आज्ञेत उरकते. दोन-तीन लाख शब्दांची यादी अशा रीतीने डोळ्याचे पाते लवण्याआधी चाळून होते. या पद्धतीत एक उणीव मात्र राहते: अक्षर आहे की नाही एवढेच बटण सांगते, किती वेळा आहे हे सांगत नाही. ‘जॅगरी’च्या स्पेलिंगमध्ये जी दोनदा आहे, फलकावर तो एकदाच दिसतो.

दिलेली सगळी अक्षरे वापरून शब्द जुळवायचा असेल, तर युक्ती आणखी सुंदर आहे. गुळाच्या या इंग्रजी शब्दातील सात अक्षरे फिरवून-फिरवून मांडली, तर जी दोनदा असल्यामुळे २,५२० वेगवेगळ्या मांडण्या होतात. त्या सगळ्या तपासण्याची गरजच नसते. यादीतील प्रत्येक शब्दाची अक्षरे आधीच वर्णक्रमाने लावून ठेवायची. इथे ती ए, ई, जी, जी, जे, आर, वाय अशी होतात. मग दिलेली अक्षरेही त्याच क्रमाने लावून एकदाच शोधायचे. ‘लिसन’ म्हणजे ऐकणे, ‘सायलेंट’ म्हणजे निःशब्द, ‘एनलिस्ट’ म्हणजे भरती होणे आणि ‘टिन्सल’ म्हणजे चमकी, हे चारही शब्द या क्रमाने लावले की एकाच रांगेत येतात, कारण चौघांची अक्षरे तीच सहा आहेत. जागा ठरलेली असेल, म्हणजे तिसरे अक्षर अमुक आणि पाचवे तमुक अशी अट असेल, तर अज्ञात अक्षराच्या जागी टिंब ठेवून शोध घेणारी साधने आहेत. संगणकतज्ज्ञ केन थॉम्प्सन यांनी बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधनसंस्थेत १९७० च्या दशकाच्या आरंभी लिहिलेली ‘ग्रेप’ ही आज्ञा त्यांतली सर्वांत प्रसिद्ध.

इथपर्यंत यंत्र आपल्या पुढे असते. परंतु अर्थाचा प्रश्न निघाला की अक्षरांकडे निराळ्या नजरेने पाहावे लागते, कारण इंग्रजीचे स्पेलिंग उच्चाराशी जेवढे बेइमान आहे, तेवढेच शब्दाच्या इतिहासाशी इमानदार आहे. क्यूचेच पाहा. जुन्या इंग्रजीत ‘क्वीन’ आणि ‘क्विक’ हे शब्द सी आणि डब्ल्यू या जोडीने लिहीत. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी त्या जागी क्यू आणि यू ही जोडी आणली आणि ती कायमची चिकटली. त्यामुळे ज्या इंग्रजी शब्दात क्यूनंतर यू नाही, तो बाहेरून आला आहे असे बहुधा खुशाल समजावे. ‘क्यू, पण त्याच्यानंतर यू नको’ अशा अटीने शोध घेतला की कव्वाली, बुरखा, नकाब, फकीर, तलाक असे शब्द समोर येतात, कारण अरबीतील काफ हे अक्षर दाखवण्यासाठी तिथे क्यू वापरला आहे. मराठी वाचकाला यांचे अर्थ सांगावे लागत नाहीत. इंग्रजी मुलाला ते पाठ करावे लागतात.

ग्रीक शब्दांची ओळख तर याहून सोपी. फ या उच्चारासाठी पी आणि एच, क या उच्चारासाठी सी आणि एच, आणि शब्दाच्या मध्यभागी स्वरासारखा वापरलेला वाय, यांपैकी काही दिसले की मूळ ग्रीक असण्याची शक्यता मोठी. एच, वाय, डी, आर ही चार अक्षरे याच क्रमाने सलग असलेले शब्द शोधून पाहावेत. हायड्रोजन म्हणजे पाणी निर्माण करणारा, डीहायड्रेशन म्हणजे शरीरातील पाणी कमी होणे, हायड्रॉलिक म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणारे, हायड्रोफोबिया म्हणजे पाण्याची भीती, आणि कार्बोहायड्रेट म्हणजे कार्बन व पाणी यांच्या प्रमाणात रचलेला पदार्थ, ज्यात साखर आणि पिष्ट दोन्ही येतात. सगळ्यांत पाणी आहे, कारण प्राचीन ग्रीकमध्ये पाण्याला ‘हुदोर’ म्हणत. एक अक्षरसमूह समजला की अर्धा डझन अर्थ एकदम उलगडतात, आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्याला याचा फायदा परीक्षेतही होतो.

डब्ल्यू आणि आर यांनी सुरू होणारे शब्द कुस्तीच्या या गावात आवर्जून पाहण्यासारखे आहेत. ‘रेसल’ म्हणजे कुस्ती खेळणे, ‘रिस्ट’ म्हणजे मनगट, ‘रिंग’ म्हणजे पिळणे, ‘रेंच’ म्हणजे हिसका देऊन मुरगळणे, ‘रिगल’ म्हणजे वळवळणे, ‘रिंकल’ म्हणजे सुरकुती. गंगावेस किंवा मोतीबाग तालमीच्या हौद्यात जे काही चालते, त्याचे वर्णन या सहा शब्दांत बऱ्यापैकी होईल, कारण सर्वांच्या मुळाशी पिळणे, वळणे हीच कल्पना आहे. त्यातला डब्ल्यू एके काळी उच्चारला जात असे. उच्चार गेला, अक्षर राहिले.

काही जोड्यांत मात्र असे एक मूळ दाखवता येत नाही, तरी अर्थ जुळतात. एस आणि एन यांनी सुरू होणारे ‘स्निफ’, ‘स्नोअर’, ‘स्नाउट’, ‘स्नीझ’ म्हणजे हुंगणे, घोरणे, मुस्कट, शिंकणे: सगळे नाकाशी निगडित. अशा समूहांना जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने १९३० मध्ये स्वतंत्र संज्ञाही दिली. यांतील ‘स्नीझ’चा इतिहास मजेदार आहे. मूळ शब्द एफ आणि एन यांनी सुरू होत असे. ती जोडी भाषेतून हद्दपार होऊ लागली तसा तो शब्द नाकाच्या गोतावळ्यात येऊन बसला. पण स्नो म्हणजे बर्फ आणि स्नेक म्हणजे साप हेही त्याच अक्षरांनी सुरू होतात, आणि त्यांचा नाकाशी काडीचा संबंध नाही. त्याचप्रमाणे ‘अर्थ’ म्हणजे पृथ्वी, ‘पर्ल’ म्हणजे मोती आणि ‘लर्न’ म्हणजे शिकणे या तिन्हींच्या स्पेलिंगमध्ये कानासाठीचा ‘इअर’ हा शब्द अक्षरशः दिसतो, तो निव्वळ योगायोग. कोशात व्युत्पत्ती दिलेली असते ती याचसाठी वाचायची.

अर्थाशिवाय केवळ अक्षरांवर किती मजल मारता येते, याचे टोकाचे उदाहरण न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स. त्यांनी फ्रेंच शब्दांची यादी पाठ करून २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचे जागतिक अजिंक्यपद मिळवले, आणि तेव्हा त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हते. स्मरणशक्तीचा हा पराक्रम थक्क करणारा खरा, पण शाळेतल्या मुलांपुढे तो आदर्श म्हणून ठेवण्यात काही हशील आहे असे वाटत नाही.

शेवटी एक व्यवहारातली गोष्ट: उत्तर बरोबर की चूक, हे कोणती यादी हाताशी आहे यावर ठरते. आपल्या पाठ्यपुस्तकांत ब्रिटिश वळणाचे स्पेलिंग असते आणि फोनवरील बहुतेक खेळांची यादी अमेरिकी असते. ‘ह्यूमर’ या शब्दात आपण यू दोनदा लिहितो, अमेरिकी लोक एकदाच, आणि म्हणून तो त्यांच्याकडे पाच अक्षरांचा, आपल्याकडे सहा अक्षरांचा होतो. २०२२ च्या फेब्रुवारीत वर्डल या पाच अक्षरांच्या खेळात हाच शब्द उत्तर म्हणून आला, तेव्हा ब्रिटनमधील खेळाडूंनी बरीच नाराजी व्यक्त केली. मुलांना कोडे घालताना कोणता कोश प्रमाण मानायचा, हे शिक्षकांनी आधीच सांगून ठेवलेले बरे.