कांद्याचा भाव आणि पंचवीस शब्दांचा मंत्र

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका फ्लॅटमध्ये दर रविवारी आमचा फँटसी गेम रंगतो. टेबलावर नकाशा, फासे आणि चिवडा. मी डीएम, म्हणजे खेळातलं जग रचणारा. मध्यंतरी निफाडच्या मित्राने डाव थांबवला. "तुझ्या राज्यात मांत्रिक शंभर कोसांवर क्षणात निरोप धाडतात ना? मग राजधानीतला धान्याचा भाव खेड्यात आठ दिवसांनी कसा कळतो?"

त्याच्या घरी कांदाचाळ आहे. ट्रॅक्टर भरायच्या आधी लासलगावचा भाव मोबाइलवर येतो. पटला नाही तर ट्रॅक्टर पिंपळगावला. त्याला माझं जग खोटं वाटणारच.

निरोप वेगाने जायला लागले की तलवारीआधी बाजार बदलतो. केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात मोबाइल पोहोचला, तेव्हा काय झालं हे रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने तपासलं. आधी एका बंदरात गिऱ्हाईक नाही म्हणून तारली फेकून द्यावी लागे, आणि थोड्याच अंतरावर गिऱ्हाईक हात हलवत परत जाई. विकली न गेलेली मासळी ५ ते ८ टक्के असायची. फोन आल्यावर ती जवळपास शून्यावर आली, बंदराबंदरांतल्या भावांतली तफावतही आटली. कोळ्याचा नफा वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी स्वस्त मिळाली. असा मंत्र असलेल्या जगात दोन गावांच्या भावफरकावर जगणारा व्यापारी टिकेल कसा?

अर्थात मंत्र महाग असेल, तर तो टिकेलच, उलट गब्बर होईल. पानिपत झालं १४ जानेवारी १७६१ला. नानासाहेब पेशव्यांना ती बातमी मिळाली एका सावकारी पत्रातून, तीही सांकेतिक भाषेत: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. ज्याचा पैसा अडकलेला, तो जासूदावर खर्च करतो. म्हणून माझ्या जगात आता पहिले मांत्रिक राजाकडे नाहीत, पेढ्यांकडे नोकरीला आहेत.

दुसरी गोष्ट, निरोपात मावतं किती? 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळात निरोपाचा मंत्र फक्त २५ शब्द नेतो. जागा अपुरी पडली की माणूस संकेत बनवतो. मोर्सच्या लिपीत इंग्रजीतल्या सगळ्यात जास्त लागणाऱ्या 'ई' अक्षराला एकच टिंब मिळालं. आपल्या तारऑफिसात शुभेच्छांच्या ठरावीक वाक्यांना क्रमांक असत, तारेतून जायचा तो नुसता आकडा.

पण खरी गंमत भरवशाची, आणि त्यासाठी लांब जायला नको. आमच्याच रस्त्याने पुढे गेलं की आनंदवल्ली. राघोबादादांच्या आनंदीबाईंवरून पडलेलं नाव. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तो आनंदीबाईंनी 'धरावे'चं 'मारावे' केल्यामुळे, अशी आख्यायिका. खरं-खोटं इतिहासकार बघतील, 'ध'चा 'मा' मात्र संदेशशास्त्राचा अख्खा धडा आहे. जुन्या पत्रांच्या शेवटी मोर्तब उठवत, म्हणजे खाली कोणी ओळ घुसडू नये. मधलं अक्षर बदललं तर मोर्तब काय करणार?

त्यावर उपाय तुमच्या खिशात आहे. आधार क्रमांकाचा बारावा आकडा आधीच्या अकरा आकड्यांवरून गणिताने काढलेला असतो. टाइप करताना एखादा आकडा चुकला तरी हिशोब जुळत नाही आणि चूक उघडी पडते. हा नियम जाहीर असल्यामुळे मुद्दाम खोडसाळपणा करणारा नवा आकडा काढू शकतो. तिथे नियमात दोघांपुरतं एखादं गुपित मिसळावं लागतं.

मी नियम बदलला: पंचविसावा शब्द खुणेचा, आधीच्या चोवीस शब्दांच्या पहिल्या अक्षरांवरून आणि दोघांच्या गुपितावरून ठरणारा. पुढच्या रविवारी निफाडकराने पहिला मंत्र राक्षसाचा ठावठिकाणा काढायला वापरला नाही. तीन बाजारांचे भाव मागवले. उत्तर लगेच आलं, भाव तर दुप्पट. त्याने कागदावर हिशोब मांडला, पुन्हा मांडला, आणि भरलेल्या गाड्यांचे बैल सोडायला सांगितले.

खुणेचा शब्द जुळत नव्हता.