पंपकिन प्युरी आणि पंपकिन पाय मिक्स: डबा उचलायच्या आधी एवढं बघा

नोव्हेंबर लागला की इकडे अमेरिकेत किराणा दुकानात शिरल्या शिरल्या केशरी डब्यांची रास दिसते आणि दरवर्षी आपल्यातलं कोणीतरी त्यातला नको तो डबा घरी घेऊन येतं. मागच्या थँक्सगिव्हिंगला (नोव्हेंबरातला इथला सण, त्यात टर्की हा मोठा पक्षी भाजतात) ती मी होते. शेजाऱ्यांकडे जेवायला गेलो होतो, त्यांनी निघताना उरलेली टर्की सांगाड्यासकट बांधून दिली, आई-बाबा भारतातून आलेले होते, म्हटलं शुक्रवारी मस्त झणझणीत रस्सा करू आणि दाटपणाला थोडा भोपळा घालू, म्हणजे खोबरं कमी लागेल. रस्सा उकळत होता, मी अर्धा डबा ओतला, आणि उरलेलं काढून ठेवायला आईने डबा हातात घेतला तर ती थांबलीच. म्हणाली, "अगं, ह्याला लवंगेचा वास का येतोय?" मग बोटावर घेऊन चाटलं. "गोड आहे की हे!"

तो पंपकिन पाय मिक्सचा डबा होता, म्हणजे पाय ह्या पारीत सारण भरून भाजलेल्या गोड पदार्थासाठीचा भोपळा. मला हवी होती प्युरी. नंतर मी कांदा-लसूण मसाला वाढवला, लिंबू पिळलं, मीठ घातलं, पण रश्शात एकदा साखर आणि दालचिनी गेली की ती काही बाहेर काढता येत नाही. सहा माणसांचा रस्सा गेला, त्याचं मला अजून वाईट वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

तर पहिली गोष्ट म्हणजे प्युरी. रेसिपीत सगळीकडे 'पंपकिन प्युरी' लिहिलेलं असतं पण डब्यावर प्युरी हा शब्द बऱ्याचदा नसतोच! तिथे नुसतं 'पंपकिन' किंवा '१०० टक्के प्युअर पंपकिन' असं असतं. आत काय, तर शिजवून गाळलेला भोपळा, बस. साखर नाही, मीठ नाही, मसाला नाही. आपण घरी भोपळा वाफवून पुरणयंत्रातून काढला तर जे होईल तेच, फक्त जरा जास्त घट्ट.

आणि पाय मिक्स, ज्याला काही कंपन्या पाय फिलिंग म्हणतात (दोन्ही एकच), त्यात तोच भोपळा असतो पण साखरेचा पाक, मीठ आणि दालचिनी-सुंठ-लवंग-जायफळ असला मसाला आधीच घातलेला असतो. पाय करणाऱ्याचं अर्धं काम वाचावं म्हणून. अर्धंच, कारण अंडी आणि एव्हॅपोरेटेड मिल्क (डब्यातलं आटवलेलं, बिनसाखरेचं दूध) त्यातही आपल्यालाच घालावं लागतं, नुसता डबा पायच्या पारीत ओतून भाजला तर तो सेट होणार नाही.

गोंधळ होतो त्याचं कारण हे की दोन्ही डबे एकाच फळीवर शेजारी असतात, दोन्ही केशरी, आणि प्युरीच्या डब्यावरसुद्धा पायचाच फोटो असतो. त्यात आपण प्युरी हा शब्द शोधत असतो, तो सापडत नाही, मग डोळा जास्त मजकूर असलेल्या डब्यावर जातो. लिबीज ही इथली सगळ्यात ओळखीची कंपनी, त्यांचा प्युरीचा मोठा डबा २९ औंसांचा आणि पाय मिक्सचा ३० औंसांचा, म्हणजे हातात घेऊन तर काहीच कळत नाही. प्युरीचा छोटा डबा १५ औंसांचा असतो, साधारण ४२५ ग्रॅम, पावणेदोन कप. म्हणून डब्याचं तोंड बघू नका, तो फिरवा आणि मागची घटकांची ओळ वाचा. त्या ओळीत एकच शब्द असेल तर प्युरी. साखर किंवा सिरप दिसलं की ते मिक्स. मी आता दुकानात उभी राहून हे करते, मागे रांग असली तरी.

आता कोणी म्हणेल की डबा कशाला, ऑक्टोबरात एवढे भोपळे मिळतात. मिळतात, पण हॅलोवीनला कोरायचे ते मोठे भोपळे पाणचट आणि दोऱ्यादोऱ्यांचे असतात, चव नसते, ते भाजीला घेऊ नका. खायचाच ताजा आणायचा तर छोटा शुगर पंपकिन किंवा सरळ बटरनट स्क्वॉश आणा. मला खूप आवडलेली गोष्ट म्हणजे लिबीजच्या डब्यात जो भोपळा असतो तो डिकिन्सन जातीचा, बाहेरून केशरी नाही तर फिकट तपकिरी, लांबट, आणि वनस्पतीशास्त्राच्या हिशोबाने तो बटरनटच्याच जातकुळीतला, कुकुर्बिटा मॉस्काटा. आपल्याकडे भाजीला मिळणारा लाल भोपळाही बराचसा ह्याच कुळातला. कोरायचा भोपळा वेगळा, तो कुकुर्बिटा पेपो. म्हणजे डब्यातला भोपळा दारातल्या हॅलोवीनच्या भोपळ्यापेक्षा आपल्या मंडईतल्या फोडीला जास्त जवळचा आहे, आणि म्हणूनच त्याचे घारगे इतके छान होतात. इलिनॉय राज्यात मॉर्टन नावाचं गाव आहे, तिथे आणि आजूबाजूला हा भोपळा पिकतो आणि तिथेच डब्यात भरला जातो. (नावांचा घोळ आपल्याकडेही आहेच, विदर्भात लाल भोपळ्याला कोहळं म्हणतात आणि पुण्यात कोहळा म्हटलं की पेठ्याचा पांढरा. माझी नागपूरची मैत्रीण कोहळ्याची बोंडं म्हणाली तेव्हा मी आधी पांढराच समजले होते.)

घारग्यांचं सांगते कारण चुकीचा डबा आलाच तर तो इथे खपतो. प्युरी असेल तर एक वाटी प्युरी, पाऊण वाटी किसलेला गूळ, दोन्ही कढईत पाच-सात मिनिटं परतायचं, गूळ विरघळून जरा आळलं की उतरवायचं, चिमूटभर मीठ, वेलची, दोन चमचे कडकडीत तेलाचं मोहन, दोन चमचे तांदळाचं पीठ, आणि मावेल तेवढी कणीक, साधारण दोन वाट्या लागते. पाणी अजिबात नाही. तासभर झाकून ठेवून मग थापून तळायचे. पाय मिक्स असेल तर गूळ फक्त दोन चमचे घाला किंवा घालूच नका, मीठ नको, वेलची नको, आणि तळताना आच कमी ठेवा कारण साखरेमुळे लगेच काळे पडतात. दालचिनीचा वास येतो, चव आपल्या नेहमीच्या घारग्याची नसते, पण वाईट नसते. उरलेल्या त्या अर्ध्या डब्याचे आईने हेच केले आणि मुलांनी डब्यात नेले. केक, मफिन, शिरा, जे गोडच आहे तिथे मिक्स चालतं.

उलट्या बाजूने, रेसिपीत मिक्स सांगितलंय आणि घरात प्युरी आहे, तर काही अडत नाही. १५ औंसांच्या डब्याला पाऊण कप साखर, अर्धा चमचा मीठ, एक चमचा दालचिनी पूड, अर्धा चमचा सुंठ, पाव चमचा लवंग पूड. हे पायचं नेहमीचं प्रमाण आहे, ह्यात दोन अंडी आणि १२ औंस एव्हॅपोरेटेड मिल्क घातलं की पायचं सारण तयार. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की घरात फक्त प्युरीच ठेवा. प्युरीचं मिक्स होतं, मिक्सची प्युरी होत नाही. आणि आपल्या स्वयंपाकात भोपळा तिखटातही तेवढाच लागतो, भरीत, सांबार, थालीपीठ, तिथे ते मिक्स काहीच कामाचं नाही.

तिखटावरून परत टर्कीवर येते, कारण थँक्सगिव्हिंगनंतर प्युरीचा सगळ्यात चांगला उपयोग माझ्या मते तोच. थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, १९४१ मध्ये काँग्रेसने म्हणजे अमेरिकेच्या संसदेने कायदा करून तसं ठरवलं, त्यामुळे उरलेल्या टर्कीचा हिशोब कायम गुरुवार रात्रीपासून धरायचा. इथल्या कृषी खात्याचा नियम असा की टेबलावर काढल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेली पाहिजे आणि तीन ते चार दिवसांत संपली पाहिजे, म्हणजे सोमवार शेवटचा. पार्टीत टर्की चार-चार तास बाहेर पडून असते आणि मग आपण प्रेमाने डबे भरून नेतो, ते कृपा करून करू नका, विशेषतः घरात लहान मुलं किंवा आई-वडील असतील तर. मांस हाडावरून सोडवून उथळ डब्यांत भरायचं म्हणजे लवकर गार होतं. उघडलेल्या प्युरीलाही तेच तीन-चार दिवस, आणि ती पत्र्याच्या डब्यात ठेवू नका, काचेच्या भांड्यात काढा.

सांगाडा टाकू नका. तो मोडून मोठ्या पातेल्यात, बुडेल एवढं पाणी, एक कांदा, आलं, लसूण, हळद, तमालपत्र, आणि मंद आचेवर अडीच-तीन तास. हे आपलं अळणीच, म्हणजे हाडांचं पातळ सूप. कोंबडीच्या अळणीपेक्षा जास्त गडद होतं कारण हाडं आधी ओव्हनमध्ये भाजलेली असतात. आधी आतलं स्टफिंग आणि चिकटलेली सेज-रोझमेरीची पानं काढून टाका, त्यांचा वास आपल्या मसाल्याशी जुळत नाही. मीठ आत्ता घालू नका, टर्की बहुतेक वेळा मिठाच्या पाण्यात मुरवलेली असते आणि अळणीत ते उतरतं, शेवटी चाखून बघा.

मग रस्सा. कांदा-खोबरं भाजून वाटण, तेलात परतून कांदा-लसूण मसाला, चार कप अळणी, उकळी आली की अर्धा कप प्युरी. प्युरी पडली की दोन मिनिटांत रश्शाचं अंग बदलतं, तर्री वर येते आणि खाली रस्सा मऊ, दाट होतो, खोबरं निम्मं घातलं तरी कळत नाही. टर्कीचे तुकडे अगदी शेवटी. ते शिजलेलेच असतात, छातीचं मांस तर कोरडंच, परत उकळलं की दोरी होते. पाच मिनिटं पुरतात, मात्र आतपर्यंत कडकडीत तापलं पाहिजे, थर्मामीटर असेल तर १६५ फॅरनहाइट. मांडीचं मांस असेल तर जास्त चांगलं, ते ओलं राहतं. पांढऱ्या रश्शात मात्र भोपळा घालू नका, रंगच जातो, त्याला नुसतं अळणी आणि नारळाचं दूध.

उरलेली प्युरी मी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते, एक वडी म्हणजे साधारण दोन चमचे, आणि अळणी दोन-दोन कपांच्या पिशव्यांत. पिशवीवर तारीख आणि 'मीठ नाही' असं मार्करने लिहिते, आणि प्युरीच्या पिशवीवर 'साखर नाही'.